इंदूरहून गाडीने निघताना: रस्त्याकाठचा शेतमाल आणि ढाबे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर इंदूरच्या लोकमान्य नगरातलं, सासर धुळ्याचं आणि संसार इंदूरच्याच सुदामा नगरात. त्यामुळे सत्तावीस वर्षं आग्रा-मुंबई रस्ता म्हणजे माझ्यासाठी घरातल्या दोन खोल्यांमधला बोळ आहे. आमच्याकडे कुणी पुण्याला, जळगावला किंवा नुसतं ओंकारेश्वरला निघालं, की आदल्या रात्री फोन येतो: कुठे थांबू, काय घेऊ, जेवण कुठे बरं मिळेल? त्याच प्रश्नांची उत्तरं इथे लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. रस्त्याकाठी थांबायचं असेल तर प्रवासाच्या हिशेबात त्याचा एक तास धरूनच घरून निघा. घाईत घेतलेलं सीताफळ कच्चं निघतं आणि घाईत उरकलेलं जेवण बाधतं.

कोणत्या रस्त्यावर काय मिळतं?

महू, मानपूर, धामनोद, खलघाट, सेंधवा हा धुळ्याचा रस्ता. महूपर्यंत माळव्याचं पठार असतं: बटाटा, कांदा, लसूण, हिवाळ्यात मटार. मानपूरनंतर घाट उतरला की निमाड लागतो आणि हवाच बदलते. घाटाच्या तोंडाशी पावसाळ्यात भुट्टे आणि जांभळं, नवरात्रापासून सीताफळं. खाली नर्मदेच्या आसपास पपई, केळी, उन्हाळ्यात कलिंगडांचे ढीग.

सिमरोल, बडवाह, सनावद, खंडवा, बुऱ्हाणपूर हा जळगाव-भुसावळकडे जाणाऱ्यांचा रस्ता. बडवाहचा चिवडा प्रसिद्ध आहे, तो घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणी ओंकारेश्वरहून परतत नाही. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडली की सनावद, आणि त्याच भागात बेडियाची मिरची मंडी. बुऱ्हाणपूर म्हणजे केळी, मावा जिलबी आणि दराबा ही मिठाई.

धारवरून मांडवला, म्हणजे मांडूच्या किल्ल्याकडे, जाणारा रस्ता सगळ्यात वेगळा. तिथे खुरासाणी चिंच मिळते, म्हणजे गोरखचिंचेच्या त्या अजस्र, फुगीर बुंध्याच्या झाडांची फळं. मूळ आफ्रिकेतलं हे झाड मांडवच्या मातीत शेकडो वर्षं रुजलेलं आहे. फळाचं कवच नारळासारखं टणक, आत पांढरा, कोरडा, आंबट गर. तो चोखायचा किंवा पाण्यात कोळून साखर-मीठ घालून प्यायचा. लहान मुलांना एवढं आवडतं की परतीच्या वाटेवर गाडीत बोलणं बंद असतं. एप्रिल-मेमध्ये मांडवला खिरण्याही मिळतात, पिवळ्या, चिकट, फार गोड. त्या त्याच दिवशी संपवाव्या लागतात.

उज्जैन आणि देवासच्या रस्त्यांवर शेतमालापेक्षा खाण्याची दुकानं जास्त. तिकडे मुद्दाम माल घ्यायला थांबू नका.

वर्षातला सगळ्यात चांगला काळ कोणता?

माझ्या मते दोन. पहिला जुलै-ऑगस्ट, जेव्हा महूहून मंडलेश्वरकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जाम गेटपाशी ढग अंगावरून जातात आणि निखाऱ्यावर भुट्टे भाजले जात असतात. हा दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधला. माळव्यातून निमाडात, महेश्वरकडे उतरण्याच्या वाटेवरचं ते नाकं. तिथे उभं राहून खाली निमाड पाहिला की हे ठिकाण का निवडलं असेल ते आपोआप कळतं. रविवारी मात्र तिथे पाय ठेवायला जागा नसते, मधल्या वारी जा.

दुसरा काळ दसरा ते संक्रांत. सीताफळ, पेरू, बोरं, ओला हरभरा, मटार, गराडू (तळून खातात तो कंद), ताजी मिरची, सगळं याच काळात येतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी निमाडात थांबण्यात काही सुख नाही. पहाटे निघा आणि कलिंगड घेऊन दहाच्या आत पुढे व्हा.

भुट्टा कसा निवडायचा?

हिरवी साल घट्ट, ओली आणि वरचे केस तपकिरी पण पूर्ण न वाळलेले, एवढं पाहा. मग विचारून साल थोडी बाजूला करा आणि एका दाण्याला नख लावा. दुधाळ रस आला तर घ्या, पाणी आलं तर कोवळा, काहीच आलं नाही तर निबर. भाजायला देशी पांढरा किंवा पिवळा मका चांगला. पिवळाधमक अमेरिकन मका उकडायला बरा, निखाऱ्यावर त्याला ती चव येत नाही.

कणीस तोडल्यापासून त्यातल्या साखरेचं पिठूळ द्रव्यात रूपांतर सुरू होतं. म्हणून सकाळी तोडलेला भुट्टा आणि कालचा भुट्टा यांत एवढा फरक लागतो. कीस करायला घरी नेणार असाल तर सालीसकट घ्या, त्याच दिवशी किसा. आमच्याकडे किसाला दूध, हिरवी मिरची, जिऱ्या-हिंगाची फोडणी आणि वर ओलं खोबरं. इंदूर सोडून गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला पावसाळ्यात याचीच आठवण येते असा माझा अनुभव आहे.

सीताफळं दरवेळी कच्ची किंवा सडकी निघतात. चूक कुठे होते?

बहुतेक वेळा टोपली पाहून घेण्यात. टोपलीत वर मोठी, पानांच्या थराखाली लहान फळं असतात. यात फसवणूक असतेच असं नाही, मोठी फळं खाली चेपली जातात म्हणूनही ती वर ठेवतात. म्हणून टोपलीचा भाव ठरवण्याआधी खालचा थर पाहू देण्याची विनंती करा. नीट विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही.

फळाचे डोळे पाहा. खवल्यांमधल्या खाचा रुंदावून तिथे पिवळसर-पांढरी झाक आली असेल तर फळ तयार आहे, दोन-तीन दिवसांत पिकेल. खाचा अरुंद आणि सगळं फळ सारखं हिरवं असेल तर ते अकाली तोडलेलं आहे. ते पिकणार नाही, काळं पडून आकसेल. आज खायची, उद्या खायची आणि परवा खायची अशी तीन प्रकारची फळं वेगवेगळी मागून घ्या. विकणाऱ्या बाईंना हे बरोबर कळतं, त्या हाताने चाचपून काढून देतात. आपण दाबून पाहू नये, कारण दाबलेलं फळ दुसऱ्या दिवशी तिथेच काळं पडतं आणि नुकसान त्यांचं होतं.

कच्ची फळं फ्रिजमध्ये ठेवली की पिकणं थांबतं. घरी आल्यावर कागदावर, एकमेकांना न चिकटवता, मोकळ्या हवेत मांडा. पिकल्यावर एखादा दिवस फ्रिज चालतो.

भाव करावा का?

मोठ्या दुकानात, ढीग लावून बसलेल्या व्यापाऱ्याकडे जरूर करा. पण घाटात टोपली घेऊन बसलेल्या भिल, भिलाला किंवा बारेला बायांशी दहा-वीस रुपयांसाठी हुज्जत घालू नका, ही माझी मनापासूनची विनंती आहे. ती सीताफळं जंगलातून, डोंगर चढून, पहाटे वेचून आणलेली असतात. संध्याकाळी उरली तर परत डोक्यावर घेऊन जायची. आपण गाडीच्या काचेतून भाव पाडून मागतो तेव्हा तिच्याकडे नाही म्हणायची ताकद नसते. खाली उतरा, ‘जीजी, कैसे दिया’ विचारा, पटलं तर घ्या, नाही पटलं तर हसून पुढे जा.

सुट्टे पैसे जवळ असू द्या. आता पुष्कळ ठिकाणी मोबाइलवरून पैसे घेतात, पण घाटात नेटवर्क जातं आणि मग दोन्हीकडे पंचाईत होते.

वजनात फसवणूक होते का? ‘धडी’ म्हणजे किती?

आपल्याकडे धडी म्हणजे पाच किलो. कांदा, बटाटा, लसूण धडीने विकतात आणि किलोच्या भावापेक्षा तो स्वस्त पडतो. पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांना हा शब्द माहीत नसतो, ते किलोचा भाव समजून बसतात आणि मग दोघंही एकमेकांकडे पाहत राहतात.

वजनाचं म्हणाल तर इलेक्ट्रॉनिक काटा शून्यावर आहे का ते आधी पाहा. साध्या तराजूत दगडाचं वजन दिसलं तर नगावर किंवा ढिगावर घ्या, वाद टळतो. शंकाच असेल तर पाण्याची बंद एक लिटरची बाटली काट्यावर ठेवून बघा, किलोच्या थोडी वर भरायला हवी.

‘जैविक’, ‘देशी’, ‘गावरान’ अशा पाट्यांवर विश्वास ठेवावा का?

पाटीवर नको, माणसाशी बोलून ठेवा. बंद पाकिटात विकलेल्या जैविक, म्हणजे सेंद्रिय, मालावर ‘जैविक भारत’चं चिन्ह असायला हवं. मात्र स्वतःच्या शेतातला माल थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. त्यामुळे कागद नाही म्हणजे तो खोटं बोलतो असं नाही आणि पाटी आहे म्हणजे खरं आहे असंही नाही. मी तीन गोष्टी विचारते: खत कुठलं घालता, कीड पडली तर काय करता, शेत कुठे आहे? खरा शेतकरी असेल तर दहा मिनिटं बोलतो, अनेकदा बांधावर नेऊन दाखवतो.

इंदूरच्या माणसाला हा प्रश्न परका वाटू नये. शेतातला काडीकचरा आणि शेण यांचे थर रचून कंपोस्ट करायची जी रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञाने इथल्याच एका संशोधन संस्थेत विकसित केली. १९२४ मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेच्या जागीच आज आपलं कृषी महाविद्यालय आहे. १९३५ मध्ये गांधीजी ते काम पाहायला आले होते. त्या जमिनीशेजारून रोज जाणारी आपण माणसं, खत कुठलं एवढं विचारायला का लाजतो?

आंब्याबाबत एकच लक्षात ठेवा. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला देशात बंदी आहे. सालीचा रंग सगळीकडे एकसारखा पिवळा, वास नाही आणि देठाशी फळ टणक, असा आंबा घेऊ नका.

वर्षाचं सामान रस्त्यात घेणं परवडतं का?

काही गोष्टींचं परवडतं, आणि हा माझ्या आवडीचा विषय आहे.

बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये, नुकता खणलेला घ्या. वेफर्स आणि उपासाचा कीस करायला महू-इंदूर भागातला बटाटा उत्तम. पण तो शीतगृहातला नको. थंडीत ठेवलेल्या बटाट्यातल्या पिठाची साखर होते, मग तळताना वेफर लालकाळा पडतो. दरवर्षी कुणीतरी तेल जास्त तापलं म्हणून स्वतःला दोष देत असतं, दोष बटाट्याचा असतो.

लसूणही त्याच सुमाराला निघतो, पण तो ओला असतो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला तर आठवड्यात बुरशी. पातीसकट जुड्या घ्या आणि सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी दोन-तीन आठवडे टांगा.

गव्हासाठी मार्च-एप्रिल. पोळीला लोकवन, बाफले (उकळून मग भाजलेले कणकेचे गोळे), लाडू आणि रव्याला मालवी कठीया गहू. एकाच पोत्यावर दोन्ही भागवू नका. कठीया गव्हाची पोळी लाटताना मनगट दुखतं आणि लोकवनचे बाफले उकळताना सैल पडतात. नवीन गहू दातांखाली कडकन फुटला पाहिजे. मऊ लागला तर ओल आहे, घरी आणून ऊन दाखवल्याशिवाय कोठीत भरू नका.

मिरची सनावद-बेडियाकडून सबंध, देठासकट. वाकवल्यावर तुटेल इतकी वाळलेली हवी, आणि फोडून आत करडी बुरशी नाही ना तेही पाहा. दळलेलं तिखट रस्त्यात घेऊ नका, कितीही लालबुंद असो.

कोणता ढाबा चांगला हे बाहेरून कसं ओळखायचं?

ट्रक उभे असले की चांगला, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. ट्रकवाले जागा मोठी आहे, आंघोळीला पाणी आहे, उधारी चालते म्हणूनही थांबतात. मी हे पाहते: कुटुंबं बसली आहेत का, टेबलं भराभर रिकामी होऊन पुन्हा भरतात का, भट्टी पेटलेली आहे का आणि भांडी वाहत्या पाण्यात धुतात की एकाच बादलीत बुचकळतात. नोंदणी केलेल्या खाणावळीत अन्न सुरक्षा विभागाचा १४ अंकी क्रमांक भिंतीवर लावलेला असतो. तो असणं चांगलं, पण बादली त्याहून खरं बोलते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही एका मोठ्या, झगमगीत ढाब्यावर जेवलो. जेवण गरम होतं, पण टेबलावरची हिरवी चटणी सकाळपासून तशीच उघडी असावी. सासूबाईंनी आवडीने दोनदा घेतली आणि धुळ्यापर्यंत आम्ही चार ठिकाणी गाडी थांबवली. दोन दिवस त्यांना सलाइन लावावं लागलं. तेव्हापासून आमच्या घरचा नियम: उन्हाळ्यात रस्त्यावर चटणी, कापलेला कांदा-काकडी आणि ताक-रायतं नाही. समोर भाजलेलं किंवा उकळतं असेल तेच. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं की धोका वाढतो आणि निमाडच्या उन्हात तर एक तासच धरा.

सकाळी लवकर निघालो तर नाश्ता कुठे?

पोहे. महू, मानपूर, धामनोद, कुठेही. खालच्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्याच्या वाफेवर पोह्यांचा टोप ठेवलेला असतो, त्यामुळे ते गरम राहतात आणि सकाळी बाधत नाहीत. वर शेव, जिरावन (भुरभुरायचा चटपटीत मसाला), लिंबू, सोबत गरम जिलबी. अकरानंतर तोच टोप उरलेला दिसला तर सोडून द्या.

दाल-बाफले खाऊन गाडी चालवता येते का?

येत नाही, येऊ नये. हळद घातलेल्या पाण्यात उकळून, गोवऱ्यांच्या आचेवर भाजून, तुपात बुडवलेले बाफले, वर चुरम्याचा लाडू. हे जेवण झोपेसाठीच केलेलं आहे. चालवणाऱ्याने एक बाफला, लाडू बांधून घ्यावा आणि अर्धा तास झाडाखाली बसावं. किंवा बाफल्यांचा बेत मुक्कामाच्या ठिकाणी करावा.

दाल-पानिये काय असतं?

मक्याच्या पिठाची जाडसर थापी, पळसाच्या पानांमध्ये दाबून गोवऱ्यांवर भाजलेली. पानाच्या शिरा तिच्यावर उमटतात आणि धुराचा हलका वास येतो. झाबुआ-अलिराजपूरकडचा हा पदार्थ आता मांडवच्या रस्त्यावरही सर्रास मिळतो. ऑर्डर दिल्यावर अर्धा-पाऊण तास लागतो, कारण ते आधी करून ठेवता येत नाही. जाताना सांगून ठेवा, किल्ला पाहून परतताना जेवा. सोबत डाळ, लसणाची चटणी आणि मागितलं तर अंबाडीची भाजी. अंबाडी निमाडात ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात. आपल्या आजीच्या हातच्या अंबाडीत तांदळाच्या कण्या असायच्या, ती आणि ही वेगळी, पण जिभेवरचा आंबटपणा तोच.

कडकनाथ खायचा असेल तर?

झाबुआच्या कडकनाथ या कोंबडीच्या जातीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मांस काळं असतं, शिजायला वेळ लागतो. म्हणून फोन करून आधी सांगावं लागतं. पंधरा मिनिटांत ताटात आला तर तो कडकनाथ आहे का, हे विचारायला हरकत नाही.

उपास असेल तर?

साबुदाण्याची खिचडी शहराच्या आसपास सहज मिळते, पुढे भरवसा नाही. साधं मीठ की सैंधव, आणि वरचा फराळी चिवडा कुठल्या तेलातला, हे विचारून घ्या. निमाडात केळी-पपई असतातच. सासूबाई चतुर्थीला निघाल्या तर डब्यात राजगिऱ्याच्या वड्या आणि जिरावनऐवजी सैंधव-जिरेपूड घेत. पेरूवर भुरभुरायला तेवढं पुरतं.

पाणी, बर्फ, उसाचा रस?

पाणी घरचं. रस प्यायचा तर बर्फाशिवाय, समोर काढलेला, आणि चरक व ऊस ठेवायची जागा पाहून. कापून ठेवलेलं कलिंगड आणि पपई कितीही सुंदर मांडली असली तरी नको. सबंध घ्या, आपल्या सुरीने कापा. कलिंगडाचं जमिनीला टेकलेलं अंग पिवळं असलं पाहिजे, पांढरं असेल तर वेलीवर पिकलेलं नाही.

बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय?

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि तो सगळ्यात शेवटी, हळू आवाजात विचारतात. शेतमालाच्या टपऱ्यांजवळ सोय नसते. म्हणून आधी पेट्रोल पंप, मग टपरी, असा क्रम लावा. पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा विनामूल्य द्यायची असते. कुलूप असेल तर किल्ली मागा, संकोच करू नका. मोठ्या ढाब्यांवर आधी आत जाऊन पाहून या आणि मगच जेवण सांगा. जिथे बायकांची सोय स्वच्छ ठेवलेली असते तिथलं स्वयंपाकघरही बहुधा स्वच्छ असतं.

गाडी कुठे उभी करावी?

हे नीट वाचा. चौपदरी रस्त्यावर टपरी मागे राहिली तर गाडी मागे घेऊ नका आणि उलट्या दिशेने तर मुळीच येऊ नका. पुढे दुसरी टपरी येतेच. घाटाच्या उतारावर थांबू नका. मानपूरच्या पुढे गणपती घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी किती जीव घेतले, हे इंदूरच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तिथे फोटोसाठीही नाही.

पावसाळ्यात डांबर सोडून शेताच्या कडेला चाकं उतरवताना माती पाहा. माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते, वरून घट्ट दिसते आणि चाक पडलं की आत ओढते. आमची गाडी एकदा अशी रुतली. तिघा शेतकऱ्यांनी चाकाखाली सोयाबीनचं काड आणि दगड घालून ती काढली. पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. मुरूम टाकलेली जागा असेल तरच खाली उतरा.

दिवाळीनंतर ओंकारेश्वर-बडवाहच्या रस्त्यावर पहाटे नर्मदा परिक्रमावासी चालत असतात, पांढऱ्या कपड्यांत, अंधारात. वेग कमी ठेवा. कुठे थांबलात आणि ते टपरीवर बसलेले दिसले तर एक चहा त्यांच्यासाठी सांगा. ‘नर्मदे हर’ एवढंच बोलणं पुरतं.

मुलांना शेतात नेलं तर चालेल का?

विचारून, बांधावरून. उभ्या पिकात नाही, कारण फवारणी कधी झाली ते आपल्याला माहीत नसतं. हरभऱ्याच्या शेतात पहाटे पानांवर आंब, म्हणजे आंबट दव, असते, मुलं बोट लावून चाटतात आणि तोंड वाकडं करतात. ते मात्र करू द्या. शेतकऱ्याने ओल्या हरभऱ्याचे घाटे जाळात भाजून दिले तर हात काळे होऊ द्या, ओले रुमाल गाडीत असतातच. माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

माल गाडीत कसा ठेवायचा?

बंद डिकीत उन्हाळ्यात भट्टी होते. फळं मागच्या सीटखाली, वर ओला पंचा. केळी आणि सीताफळ एकत्र ठेवू नका, पिकणारी केळी बाकीच्या फळांना घाईने पिकवतात. जांभळं डब्यात, पिशवीत कधीच नाहीत. ज्यांच्या सीटकव्हरवर अजून डाग आहे त्यांना कारण विचारायची गरज नाही.

कचऱ्यासाठी दोन पिशव्या ठेवा, ओला आणि सुका. २०१७ पासून आपलं शहर सलग अनेक वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं आहे. बायपास ओलांडला की ती सवय सुटावी असं काही नाही. कणसाची बुरकुंडं टपरीवाल्याला विचारून त्याच्या गाईपुढे टाकता येतात.

काही अडचण आली तर कुणाला फोन करायचा?

राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली, अपघात दिसला तर १०३३. कुठलीही तातडीची मदत ११२. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले किंवा बिलाची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सेंधव्याच्या पुढे, महाराष्ट्रात शिरल्यावर काय खावं?

बिजासन घाटात देवीचं दर्शन घेतलं की पळासनेरपासून पाट्या मराठी होतात आणि ताट खानदेशी. शेवभाजी, पाटोडीची भाजी, कळण्याची भाकरी, हिवाळ्यात भरीत. इंदूरची शेव आणि तिथली शेव एक नाही. त्या भाजीत घालतात ती जाड, तिखट आणि रश्श्यात न विरघळणारी. झणका सोसत नसेल तर ‘तर्री कमी’ म्हणून आधी सांगा. भरीत मात्र हिवाळ्यातच, काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्याचं. उन्हाळ्यात देतात ते मागवू नका.

वेळ कमी आहे, एकच थांबा सांगा.

ऑक्टोबर असेल तर मानपूरच्या अलीकडे, सकाळी साडेसात-आठ. तेव्हा बाया टोपल्या घेऊन नुकत्या येऊन बसलेल्या असतात, पानांवर दव असतं आणि पर्यटकांच्या गाड्या अजून इंदूरातच असतात. आधी चहा घ्या. मग आजची दोन, उद्याची चार आणि मुक्कामाच्या घरासाठी परवाची एक डझन सीताफळं निवडून मागा. पन्नास आणि वीसच्या नोटा वेगळ्या काढून ठेवा.